मेंदूतल्या गाठींना शेक : पूर्ण डोक्याला की फक्त गाठीला?

प्रश्न : डॉक्टरताई, नमस्कार. आम्ही डिचोलीचे. आईला (वय 61) मागे ब्रेस्ट कॅन्सर झाला होता, ऑपरेशन, केमो, शेक (रेडिएशन) सगळं झालं आणि ती छान हिंडत फिरत होती. हल्ली सकाळी उठली की डोकं ठणकायचं, उलटी व्हायची, आम्हाला वाटलं पित्त असेल. एमआरआय केला तर मेंदूत तीन गाठी निघाल्या, सगळ्यात मोठी दोन सेंटीमीटरला थोडी कमी. एक डॉक्टर म्हणतात पूर्ण डोक्याला दहा दिवस शेक द्या, दुसरे म्हणतात फक्त गाठींवर एकदाच द्या, त्यासाठी मुंबईला जा. मामा म्हणतो डोक्याला शेक दिला की माणसाला भ्रम होतो. आणि आई म्हणते चवथ (गणेशचतुर्थी) होऊदे, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधून झाली की कुठे न्यायचं तिथे न्या. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी चवथीचं बोलते, कारण ते सगळ्यात घाईचं आहे. थांबू नका. आई आत्ता चालतेय बोलतेय ते स्टेरॉईडच्या गोळीमुळे (तुम्ही औषधांचा फोटो पाठवलाय त्यात डेक्सामेथासोन दिसतंय), ती गोळी गाठीभोवतीची सूज उतरवते, गाठ उतरवत नाही. गाठी वाढतच असतात, म्हणून तर हा शेक द्यायच्या आधी साधारण आठ-दहा दिवसांतला ताजा एमआरआय लागतो, महिन्यापूर्वीच्या फिल्मवर कोणी नेम धरत नाही. चवथीला महिना आहे, तोवर ट्रीटमेंट होऊन आई घरी आलेली असेल, माटोळीची दोरी दुसऱ्या कोणीतरी ओढायची, तिने खुर्चीत बसून काय कुठे बांधायचं ते सांगायचं.

आता मुख्य प्रश्न. तुमच्या आईसारखी केस असेल, म्हणजे गाठी मोजक्या, लहान, आणि बाकी तब्येत बरी, तर मी फक्त गाठींवरच्या शेकाच्या बाजूने आहे आणि हे मी अगदी ठामपणे सांगते. याला स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी म्हणतात, रिपोर्टवर एसआरएस असं लिहितात. नावात सर्जरी असली तरी कापाकापी काही नाही. वेगवेगळ्या दिशांनी बारीक बारीक किरण सोडतात, एकेक किरण इतका हलका की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही, पण सगळे जिथे एकत्र येतात तिथे म्हणजे गाठीवर एकाच वेळी मोठा डोस बसतो. दोन सेंटीमीटरच्या आतली गाठ असेल तर 20 ते 24 ग्रे (किरणांचा डोस मोजायचं माप) एका बैठकीत देतात. गाठ जशी मोठी तसा डोस कमी करावा लागतो, दोन ते तीन सेंटीमीटरला साधारण 18, तीन ते चारला 15, नाहीतर तोच शेक तीन किंवा पाच दिवसांत वाटून देतात. त्याहून मोठी असेल आणि मेंदू दाबत असेल तर आधी ऑपरेशन करून मग त्या पोकळीला शेक.

पूर्ण डोक्याचा शेक म्हणजे बहुतेक ठिकाणी 10 दिवसांत 30 ग्रे. तो वाईट आहे असं मी म्हणणार नाही, गाठी ढिगाने असतील किंवा मेंदूच्या आवरणात पसरलं असेल तर तोच लागतो. पण मामा म्हणतात त्यात तथ्य आहे, फक्त भ्रम वगैरे नाही होत, विसरायला होतं, माणूस मंदावतो, थकून झोपून राहतो. 2016 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता, एक ते तीन गाठी असलेले 213 पेशंट, अर्ध्यांना फक्त गाठींवर शेक आणि अर्ध्यांना त्याच्या जोडीला पूर्ण डोक्याला. तीन महिन्यांनी तपासलं तर दोन्ही दिलेल्यांत शंभरातल्या 92 जणांची स्मरणशक्ती, बोलणं वगैरे उतरलेलं, फक्त गाठींवर दिलेल्यांत 64 जणांचं. आणि दोन्ही दिल्याने माणसं जास्त जगली असंही नाही. मग आईला घरातली माणसं, देवाची आरती, स्वैपाकातलं तिखटमीठ आठवत राहणं महत्त्वाचं नाही का? मला तरी ते फार महत्त्वाचं वाटतं.

पण याची दुसरी बाजू पण नीट समजून घ्या, नंतर कोणी सांगितलंच नाही असं नको. पूर्ण डोकं मोकळं सोडलं की मेंदूत दुसरीकडे नवीन गाठ यायची शक्यता राहते, वर्षभरात साधारण निम्म्या पेशंटांना येते. म्हणून दर दोन ते तीन महिन्यांनी एमआरआय, बरं वाटत असलं तरी. नवीन लहान गाठ वेळेत सापडली तर तिलाही परत असाच शेक देता येतो. जे घरचे एमआरआय चुकवतात त्यांच्या पेशंटला या पद्धतीचा फायदा अर्धाच मिळतो.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते म्हणजे आई घाबरणार नाही. पहिल्या दिवशी मास्क बनवतात. प्लास्टिकची जाळी असते, गरम पाण्यात टाकली की मऊ होते, ती ओली कोमट जाळी चेहऱ्यावर ओढून बसवतात आणि पाच-दहा मिनिटांत ती तिच्याच नाकाडोळ्यांच्या आकारात घट्ट होते. श्वास व्यवस्थित घेता येतो, पण डोकं जरासुद्धा हलत नाही, काहींना तेवढं गुदमरल्यासारखं होतं, तसं असेल तर आधीच सांगा, सौम्य गोळी देतात. शेकाच्या दिवशी तोच मास्क, टेबलावर अर्धा-पाऊण तास पडून राहायचं. दुखत नाही, केस सहसा जात नाहीत, संध्याकाळी चहा प्यायला ती बाहेर असते. अंगात किरण शिल्लक राहत नाहीत, नातवंडांना मांडीवर घेऊदे.

नंतर जपायचं काय तर स्टेरॉईड. मनाने बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं. सकाळी आणि दुपारी खाल्ल्यावर द्या, रात्री दिलं तर आई दोन वाजता उठून फ्रीज उघडेल, झोप येणार नाही. शुगर तपासत राहा, आधी डायबेटीस नसला तरी. उकिडवं बसून उठताना मांड्या लटपटायला लागल्या तर तेही स्टेरॉईडमुळे असू शकतं, कळवा. आणि सहा महिने ते दीड वर्षात कधीतरी शेक दिलेली जागा एमआरआयवर परत फुगलेली दिसू शकते. ती गाठ वाढलीच असं नसतं, कधी कधी मेलेल्या पेशींची सूज असते, रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात तिला, औषधाने बहुतेकदा बसते. त्यामुळे रिपोर्ट वाचून लगेच धीर सोडू नका.

गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजमधून) रेफर लेटर घेऊनच निघा. मूळ ब्रेस्टच्या बायोप्सीचा रिपोर्ट, त्यातला हार्मोन आणि हर-टूचा (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रोटीन) निकाल, एमआरआयची सीडी (नुसता कागद नको) सोबत ठेवा, कारण गाठी हर-टू पॉझिटिव्ह असतील तर मेंदूवर काम करणारी औषधंही आहेत आणि तो निकाल सगळा प्लॅन बदलतो. पैशांचं म्हणाल तर दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) आणि सरकारची मेडिक्लेम योजना दोन्हीची चौकशी जायच्या आधी करा, बिल भरून परत आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

बरी होईल का असं तुम्ही लिहिलं नाहीत पण मनात आहे. शेक दिलेल्या लहान गाठी दहातल्या आठ-नऊ तरी वर्षभर आटोक्यात राहतात. आजार मुळापासून जाईल असं मी सांगणार नाही. पुढचा काळ किती ते अंगातला बाकीचा आजार ठरवतो, आणि ब्रेस्टच्या काही प्रकारांत बायका यानंतर काही वर्षं चांगल्या राहतात.

प्रश्न : गॅमा नाईफच पाहिजे, बाकी मशीन बेकार, असं शेजारी म्हणतात. खरं का? – वाचक, फोंडा

उत्तर : नाही. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये रेडिओसर्जरीची कल्पना मांडली आणि 1968 मध्ये पहिलं गॅमा नाईफ आलं, त्यात कोबाल्टचे दोनशेच्या आसपास किरण असतात. पण आता लिनॅक मशीनवर आणि सायबरनाईफवरही तितकाच चांगला शेक देता येतो. मशीनच्या नावापेक्षा त्या ठिकाणी हे काम नेहमी होतं का, फिजिसिस्ट (किरणांच्या डोसाचं गणित बघणारा) आहे का, आणि न्यूरोसर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून प्लॅन बघतात का, हे विचारा.

प्रश्न : मिस्टरांना लंग कॅन्सर, मेंदूत दोन बारीक गाठी, त्रास काही नाही. डॉक्टर म्हणतात आधी गोळी, शेक नंतर. टाळाटाळ तर नाही ना? ते स्कूटर चालवतात अजून. – वाचक, पेडणे

उत्तर : ईजीएफआर किंवा एएलके (गाठीतल्या जीन्समधले बदल, बायोप्सीवर तपासतात) पॉझिटिव्ह असेल तर टाळाटाळ नाही. ऑसिमर्टिनिब, अलेक्टिनिब या गोळ्या मेंदूत पोचतात आणि लहान गाठी बऱ्याचदा त्यांनीच आकसतात. मात्र सहा ते आठ आठवड्यांत परत एमआरआय करायचा असं लिहून घ्या, आणि डोकेदुखी, झटका (फिट), हातपाय लुळे पडणं काहीही झालं तर त्याआधीच. रिपोर्टवर स्मॉल सेल (लंग कॅन्सरचा एक प्रकार) लिहिलं असेल तर हे उत्तर लागू नाही, त्यात बहुतेकदा पूर्ण डोक्याचा शेक देतात. स्कूटरची चावी आजच काढून घ्या, झटका सांगून येत नाही.