जर्मनीत म्युनिक आणि लाइपझिग, दोन्हीकडून ऑफर आहे. घरभाडं परवडेल असं शहर कोणतं?

पगारात फार मोठी तफावत नसेल तर लाइपझिग घ्या. म्युनिकची भाडी देशात सगळ्यात महाग. जास्तीचा पगार बराचसा घरमालकाकडेच जातो. लाइपझिगमध्येही भाडी वाढलीत, तरी फरक चांगलाच जाणवतो. मात्र तिथे रोजच्या व्यवहारात इंग्रजीवर भागत नाही, तेव्हा जर्मन आतापासूनच शिकायला लागा.

जाहिरातीत दोन आकडे दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटेत हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळंच. हिशोब वार्ममीटेवर करा. डिपॉझिट कायद्याने 3 महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते 3 हप्त्यांत देता येतं. आणि हो, रिकामं घर म्हणजे अगदी रिकामं: कित्येकदा स्वयंपाकघरात ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले असतात.

भारतात बसून कायमचं घर पक्कं करू नका. "मी परदेशात आहे, पैसे भरा, चावी कुरियरने पाठवतो" म्हणणाऱ्याला एक युरोही देऊ नका. सुरुवातीला फर्निश्ड खोली किंवा शेअरिंगमधली खोली घ्या, पण त्या पत्त्यावर आन्मेल्डुंग, म्हणजे पालिकेत पत्त्याची नोंदणी, करता येईल का हे आधी लेखी विचारून घ्या. त्या नोंदणीनंतरच तुमचा टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो.