घरी केलेला चीज पास्ता सॉस दाणेदार का होतो?

तुम्ही लिहिलंय की सॉस आधी छान दिसतो, पण चीज घालून उकळला की रवाळ होतो आणि वर तेल तरंगतं. गडबड त्या उकळण्यातच आहे. जास्त आचेवर चीजमधली प्रथिनं आकसतात आणि पाणी व स्निग्धांश बाहेर टाकतात. म्हणून चीज अगदी शेवटी घालायचं, तेही गॅस बंद करून.

दोघांसाठी दीड टेबलस्पून बटर, तेवढाच मैदा, दीड कप फुल क्रीम दूध आणि साधारण 70 ग्रॅम चीज पुरतं. बटर मंद आचेवर वितळवा, मैदा घाला आणि दोनेक मिनिटं परता. बेसनाच्या लाडवासारखा खमंग भाजायचा नाही, रंग पांढराच राहायला हवा. फक्त कच्चा वास गेला पाहिजे. मग दूध, पण एकदम ओतू नका. पहिल्यांदा पाव कप घालून भराभर घोटा. गोळा होईल, घाबरू नका, घोटत राहा. तो गुळगुळीत झाला की पुढचं दूध थोडं थोडं घाला. गुठळ्या होतात त्या या पहिल्या पाव कपातच, नंतर सहसा होत नाहीत. तापवलेलं दूध वापरत असाल तर साय आधी काढून घ्या.

आता याला एक उकळी यायलाच हवी, त्याशिवाय मैदा नीट दाटत नाही. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोट फिरवा. रेघ तशीच राहिली की गॅस बंद. मिनिटभर थांबून बारीक किसलेलं चीज दोन-तीन वेळा करून ढवळत मिसळा. मैद्यातला स्टार्च चीजला फुटू देत नाही, म्हणून ही पद्धत इतकी भरवशाची आहे.

चीज कोणतं? आपल्याकडचं क्यूब किंवा ब्लॉकमधलं प्रोसेस्ड चीज इथे खरंच उत्तम काम करतं. त्यात इमल्सिफायर असल्यामुळे ते एकजीव वितळतं. चव वाढवायची असेल तर निम्मं चेडार घ्या. नुसतं मोझरेला मात्र नको, ते पिझ्झ्यावर शोभतं. सॉसमध्ये त्याच्या तारा होऊन एका बाजूला गोळा बसतो.

मीठ सगळ्यात शेवटी, चव घेऊनच. बटर आणि चीज दोन्ही खारट असतात. मिरपूड ताजी कुटलेली घ्या आणि चिमूटभर जायफळ किसा. इटलीतही या पांढऱ्या सॉसमध्ये जायफळ घालतात, आणि आपल्याकडे ते पुरणासाठी घरात असतंच.

पास्ता गाळण्याआधी त्याचं वाटीभर पाणी बाजूला काढून ठेवा. सॉस निवला की दाटतो आणि पास्ताही तो शोषून घेतो, त्यामुळे कढईत जरा पातळ वाटला तरच ताटात बरोबर होतो. घट्ट झालाच तर त्या पाण्याचे एक-दोन चमचे पुरतात. उरलेला दुसऱ्या दिवशी खायचा असेल तर थोडं दूध घालून मंद आचेवर, ढवळत गरम करा. तेव्हाही उकळी येऊ देऊ नका.