वाचक विचारतात : तैमूरचा बुद्धिबळ

प्रश्न : तैमूरच्या दरबारात मोठ्या पटावरचा बुद्धिबळ खेळत, असं वाचलं. तो घरी मांडायचा तर काय लागेल?

उत्तर : पट 10 ओळी आणि 11 उभ्या रांगांचा आखा. शिवाय प्रत्येक खेळाडूच्या दुसऱ्या ओळीला उजव्या हाताला एक जादा घर जोडा. तो किल्ला. म्हणजे एकूण 112 घरं. प्रत्येकाकडे 28 मोहरी, त्यांत 11 प्यादी.

नवख्यांचा घोटाळा उंटावर होतो. हा आपला तिरका उंट नव्हे. घोड्यासारखाच उडतो, पण सरळ तीन आणि बाजूला एक घर. जिराफ आधी एक घर तिरपा जातो, मग किमान तीन घरं सरळ. वाटेत मोहरं आलं की अडतो. प्यादी दोन घरं कधीच चालत नाहीत.

खरी गंमत प्याद्यांतच आहे. एक सोडून प्रत्येक प्यादं ठरावीक मोहऱ्याचं असतं आणि शेवटच्या ओळीत पोचलं की तेच मोहरं होतं. राजाचं प्यादं राजपुत्र होतं. मग तोही मारल्याशिवाय डाव संपत नाही! म्हणून प्याद्यांवर खुणा कराच, नाहीतर दहाव्या चालीलाच वाद.

हरणाऱ्या राजानं प्रतिस्पर्ध्याचा किल्ला गाठला, की डाव बरोबरीत.

प्रश्न : तैमूरच्या मुलाचं नाव खेळावरून पडलं का?

उत्तर : तैमूरचा चरित्रकार इब्न अरबशाह यानं तसं लिहिलंय. रुखानं, म्हणजे आपल्या हत्तीनं, शह देताना मुलाच्या जन्माची बातमी आली, म्हणून शाहरुख. जन्म 1377 चा. मात्र अरबशाह तैमूरचा कट्टर टीकाकार, तेव्हा किस्सा जपूनच घ्यावा.