मजकूर ओतण्याआधी स्टाइल्स कर

इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिलंच पुस्तक लावतोयस, तर एक ऐक. मजकूर ओतण्याआधी पॅराग्राफ स्टाइल्स तयार कर, म्हणजे परिच्छेदाचा फॉन्ट, आकार, अंतर एका नावाखाली साठव; तिथे एकदा बदललं की सगळीकडे बदलतं. मी सुरुवातीला एका दिवाळी अंकाचं प्रत्येक शीर्षक हाताने ठळक केलं होतं. शेवटच्या दिवशी संपादकांना फॉन्ट बदलून हवा होता आणि ती रात्र अख्खी पानं चाळण्यात गेली.

स्टाइल्सच्या यादीत वर 'बेसिक पॅराग्राफ' ही तयार स्टाइल दिसेल, ती वापरू नकोस. तिच्यातला मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये नेला की तो तिथल्या बेसिकचं रूप घेतो. 'मजकूर' नावाची स्वतःची स्टाइल कर: १२ पॉइंटचं अक्षर, १८ पॉइंट लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर. ऑटो लीडिंग अक्षराच्या १२० टक्के, म्हणजे १४.४ पॉइंट धरतं, आपल्याकडे वर वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे ओळी एकमेकींना भिडतात. त्याच स्टाइलच्या जस्टिफिकेशनमध्ये 'अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' हा ओळी आणि अक्षरं जुळवणारा पर्याय निवड. नाहीतर जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन पडते.

'पहिला परिच्छेद' ही स्टाइल 'मजकूर'वर आधारित ठेव, फक्त इंडेंट, म्हणजे पहिल्या ओळीआधीची मोकळी जागा, शून्य कर. मग 'मजकूर'चा फॉन्ट बदललास की हिचाही आपोआप बदलतो. परिच्छेदातला एखादाच शब्द ठळक करायचा तर कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे फक्त निवडलेल्या अक्षरांना लागणारी स्टाइल, वापर.

स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह (+) दिसलं, तर तिथे कुणीतरी हाताने ढवळाढवळ केली आहे. विंडोजवर ऑल्ट दाबून त्या नावावर क्लिक कर, मजकूर मूळ रूपात येईल आणि कॅरेक्टर स्टाइल्स तशाच राहतील.