वाचकांचे प्रश्न : वाडा चालता, दवाखाना जागेवर

या महिन्यात आलेले बरेचसे प्रश्न मेंढपाळ वाचकांचे आहेत. वाडा म्हणजे त्यांचा माणसांसकट फिरता कळप, आणि बकरं म्हणजे त्यांच्या बोलीत मेंढरं. नावं छापलेली नाहीत, आणि पत्रं जरा आखडती घेतलीत.

प्रश्न : आमचा वाडा माण तालुक्यातला. दिवाळी झाली की बकरं घेऊन कोकणात उतरतो आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतो. मागच्या हिवाळ्यात खाली गेल्यावर बकरं नाकातून गाळायला लागली, डोळ्याला चिपडं, तोंडात फोड, मग हगवण, आणि बघता बघता कितीतरी मेली. तिथल्या दवाखान्यात गेलो तर म्हणाले लस तुमच्या तालुक्यातच घ्यायची. आम्ही तर आठ महिने तालुक्यातच नसतो, मग घ्यायची कधी?

दादा, वर्णन पीपीआरचं, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांत झपाट्यानं पसरणाऱ्या विषाणूच्या रोगाचं वाटतंय, पण नीलजिव्हा या दुसऱ्या रोगात पण तोंड सुजतं आणि फोड येतात, त्यामुळे पत्रावरून छातीठोकपणे नाही सांगणार. पुढच्या वेळी असं झालं तर मेलेलं बकरू लगेच पुरू नका, काही तासांच्या आत डॉक्टरला दाखवून शवविच्छेदन करून घ्या आणि आजारी बकरांचे नमुने लॅबला पाठवायला सांगा. एका बकराची चिरफाड झाली तर बाकीच्यांचा इलाज ठरतो, नाहीतर सगळा अंदाजाचा खेळ.

आता लस. चूक कुठे होते सांगू? सगळ्या लसी गावातच घ्यायच्या असं आपण धरून चालतो. लस गावाच्या हिशोबाने नाही, वाड्याच्या रस्त्याच्या हिशोबाने ठरवायची. पीपीआरची लस गावी असताना घ्या, म्हणजे सप्टेंबरमध्ये नाहीतर निघायच्या निदान ३ आठवडे आधी, कारण अंगात ताकद तयार व्हायला २-३ आठवडे लागतात आणि वाटेत दुसऱ्या कळपांशी गाठ पडतेच. १ मिली कातडीखाली, ३-४ महिन्यांच्या वरच्या कोकरांना. एकदा नीट बसली की साधारण ३ वर्षं टिकते, म्हणजे दरवर्षी फक्त नवी कोकरं आणि विकत आणलेली बकरं धरायची. सरकारी दवाखान्यात ती फुकट असते.

आंत्रविषाराची, म्हणजे दवाखान्यात जिला ईटी म्हणतात ती, मात्र गावी पोचून घेऊ म्हटलं तर उशीर होतो. पहिला पाऊस पडून कोवळं गवत उगवलं की हा रोग येतो आणि अंगानं भरलेली चांगली कोकरंच आधी मारतो, संध्याकाळी उड्या मारत होतं आणि सकाळी वाघुरीत, म्हणजे रात्री कळप कोंडायच्या जाळीत, मेलेलं. त्या वेळी तुमचा वाडा अजून घाटातच असतो. म्हणून ती मे महिन्यात जिथे असाल तिथल्याच दवाखान्यातून मागा, आणि पहिल्यांदाच देत असाल तर २-३ आठवड्यांनी दुसरा डोस. परक्या तालुक्यातला कळप म्हणून लस नाकारणं मला तरी पटत नाही, तुमच्या बकरांना रोग झाला तर उद्या त्याच गावातल्या शेळ्या मरणार आहेत हे तिथल्या साहेबांनाही कळतं. कानाला १२ आकडी बिल्ले मारून घेतले असतील तर बोलणं सोपं जातं.

आणखी एक अडचण आहे जी कुणी लिहीत नाही. डॉक्टर येतात अकराला, आणि बकरं तर सकाळीच चरायला गेलेली. पीपीआरची लस एकदा पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून, उन्हात राहिली की नुसतं पाणी. त्यामुळे आदल्या संध्याकाळी फोन करा, सकाळी वाघूर उघडायच्या आधी या म्हणा, धरायला वाड्यातली माणसं आम्ही लावतो म्हणा. फिरत्या दवाखान्याच्या गाडीसाठी १९६२ ला फोन केलात तर नुसतं गावाचं नाव सांगून भागत नाही, कुणाच्या रानात बसलात, कुठल्या रस्त्याने यायचं हे पण सांगा, वाडा नकाशावर सापडत नाही.

प्रश्न : मी पारनेर तालुक्यातली. कोकरं आणि दुखणाईत बकरं आम्ही बायकाच बघतो. दुकानदार जंताचं औषध देतो आणि एक बूच पाजा म्हणतो. बरोबर आहे का?

नाही ताई. बूच हे माप नाही. औषध वजनावर असतं, म्हणून दोन-चार बकरं तोलून बघा आणि गटातल्या सगळ्यात जड बकराच्या वजनाने त्या गटाचा डोस धरा. कमी डोस सारखा दिला की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, मग कितीही महागाचं आणा. पाजताना मान फार उंच करू नका, औषध फुफ्फुसात जातं. अल्बेंडाझोल गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात नको.

दरवेळी सगळ्यांना पाजायची पण गरज नसते. खालची पापणी ओढून आतला रंग बघा, लालगुलाबी असेल तर ठीक, पांढरीफटक असेल तर रक्त पिणारे जंत असायची दाट शक्यता. हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर दिसेल, रोज हाताखाली बकरं तुमच्याच असतात. शिबिराला मात्र बोलावणं जातं ते पुरुषांना, आणि ते चहा पिऊन परत येतात.

प्रश्न : गाभडलेल्या मेंढीची वार हाताने काढतो. घरात दोघांना ताप येतो-जातो, सांधे दुखतात. संबंध असेल का?

असू शकतो, मेंढ्या गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो. हातमोज्याशिवाय वार आणि मेलेलं पिल्लू धरू नका, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांना मिळू देऊ नका, दूध उकळूनच प्या. तापाच्या दोघांना आजच माणसांच्या डॉक्टरकडे न्या आणि मेंढ्या गाभडतात हे त्यांना न विसरता सांगा, नाहीतर मलेरिया-टायफॉइडच्याच टेस्ट होत राहतात.

प्रश्न : वाड्यातल्या एका शिकलेल्या पोराला इंजेक्शन द्यायला शिकवलं तर चालेल का?

कायद्याने स्वतःच्या मनाने नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० नुसार उपचार नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचे. राज्य सरकार पदविका-प्रमाणपत्र असलेल्यांना किरकोळ सेवेची परवानगी देऊ शकतं, पण तीही डॉक्टरच्या देखरेखीखाली. माझं मत विचाराल तर फिरत्या कळपांसाठी हे दार जरा आणखी उघडायला हवं. इथिओपियाच्या अफार भागात सरकारी पथकं पोचत नव्हती तेव्हा तिथल्या पशुपालकांच्याच पोरांना शिकवलं, उन्हात टिकणारी लस हातात दिली आणि त्यांनी बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची, लस टोचली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून गेली असं जाहीर झालं, त्यात अशा पोरांचा वाटा आहे.

तोवर पोराला हे शिकवा : ताप मोजणं, जखम धुणं, खुरं कापणं, कुठल्या बकराला कधी काय दिलं ते वहीत लिहिणं, आणि लंगड्या बकरांचे फोटो काढून डॉक्टरला पाठवणं. दुखऱ्या बकराला दुकानातून डायक्लोफिनॅक आणून टोचत असेल तर आधी ते बंद करा, जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, तसलं मढं खाऊन गिधाडं मेली.