डांबरी रस्त्याचं वेळापत्रक पांदणीवर चालत नाही

मृग तोंडावर आला की दुचाकीच्या या सदराकडे दोन तऱ्हेची पत्रं एकदम येतात. अर्धी उन्हानं पोळलेली असतात, अर्धी येणाऱ्या चिखलाच्या धास्तीनं लिहिलेली. यंदाही तसंच झालं. उत्तरांआधी एकच गोष्ट सांगतो. गाडीसोबतच्या पुस्तिकेत सर्व्हिसचे जे किलोमीटर छापलेले असतात, ते बऱ्या रस्त्यासाठी. धुळीत, चिखलात, ओझ्यानं गाडी चालत असेल तर कामं लवकर करा, हेही बहुतेक पुस्तिकांत बारीक अक्षरात असतं. आपल्याकडे नेमकं तेच वाक्य लागू आहे.

प्रश्न : आमच्या वावरात जायले दीड किलोमीटर पांदन हाय. पावसाळ्यात काया मातीनं चाक जाम होते, अन् दरसाली दिवाईपर्यंत चेन-स्पॉकेट खराब होते. शंभर सीसीची गाडी हाय. चेनीले जयकं ऑइल टाकतो. काय चुकते?
— एक शेतकरी, ता. दारव्हा

उत्तर : पहिली चूक जळक्या ऑइलची. इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. शिवाय ते पातळ असल्यामुळे शे-दोनशे किलोमीटरमध्ये उडून जातं. उरतं ते काळ्या मातीत कालवलं जातं आणि चेनच्या रोलरवर पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. तुमच्या गाडीला पूर्ण बंद चेन कव्हर असेल. ते धूळ अडवतं खरं, पण एकदा चिखल आत शिरला की तो बाहेर पडू देत नाही. कव्हर बाहेरून स्वच्छ दिसतं आणि आत चेन दळली जात असते.

पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कव्हरचा खालचा भाग उघडा. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं गेल्याची उदाहरणं जवळपास प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असतात. जुना दातांचा ब्रश आणि केरोसीन किंवा डिझेल घेऊन चेन धुवा. पेट्रोल नको. कोरड्या कापडानं पुसून दहा मिनिटं वाळू द्या. मग ९० नंबरचं गिअर ऑइल खालच्या पदराच्या आतल्या बाजूनं थेंब-थेंब सोडा. चाक फिरतं तेव्हा ते आतून बाहेर फेकलं जातं, म्हणजे जोडांतून जातं. पाव तासानं वरचं जादा ऑइल पुसून टाका. चेन ओली चकचकीत दिसली म्हणजे काम चांगलं झालं असं नाही. ओल्या चेनला माती लवकर धरते.

दुसरी गोष्ट ताणाची. कव्हरला खाली रबरी बूच असलेलं भोक असतं. त्यातून बोट घालून चेन खालीवर करून पाहा. शंभर सीसीच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिमी ढील असावी. चाक थोडं-थोडं फिरवून चार ठिकाणी पाहा, कारण जुनी चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल असते. ताण सगळ्यांत ताठ जागी मोजायचा. सैल जागी मोजून चेन ओढली तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेरिंग खराब होतं, आणि त्याचा खर्च चेन सेटच्या कितीतरी पट असतो. चेन ओढताना दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा. अॅक्सल नट घट्ट केल्यावर मागच्या ब्रेकची पेडल पुन्हा तपासा, कारण चाक मागे सरकलं की ब्रेकही बदलतो.

सेट संपला की नाही हे अंदाजानं ठरवू नका. या गाड्यांवर बहुधा ४२८ नंबरची चेन असते आणि तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिमी असतं. चेन ताणून सलग २१ पिना मोजा. पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी चेन २५४ मिमी भरते. २५९ च्या पुढे गेली की ती संपली. तेव्हा चेन आणि दोन्ही स्पॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकदमच बदला. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली तर तीही लवकरच तशी होते. लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते तिकडे असावी. हे उलटं बसवलेलं बरेचदा दिसतं.

आता चाक जाम होण्याबद्दल. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की दगड होते. पुढच्या मडगार्डखाली दोन बोटं जागा असते, ती शंभर मीटरमध्ये भरते. चाक घासत असताना ॲक्सिलरेटर पिळून गाडी रेटली तर क्लच प्लेटा जळतात. आधी उतरा, माती काढा. त्यासाठी मोडका सराटा (उलथणं) साइड कव्हरमागे खोचून ठेवा. पेचकसापेक्षा तो बरा, टायर आणि वॉल्व्ह दोन्ही वाचतात. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पाइपच्या साध्या धारेनं चिखल काढा. वाळू दिला तर तो खरवडावा लागतो आणि तोवर रिमच्या तारांच्या मुळाशी गंज धरतो. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा चाकाच्या बेरिंगवर, ब्रेकवर आणि एअर फिल्टरच्या बाजूनं मारू देऊ नका.

प्रश्न : रोज पहाटे डेअरीवर ४० लिटरचे दोन कॅन नेतो. चाळीसच्या पुढे गेलं की हँडल थरथरतं. पाठही धरते. शॉकअप बदलू का?
— दूध उत्पादक, जि. वर्धा

उत्तर : शॉकअपआधी हिशेब करा. लिटरभर दूध किलोहून थोडं जास्त भरतं, म्हणजे एका कॅनमध्ये ४१ किलो. रिकामा धातूचा कॅन सात-आठ किलो धरा. दोन कॅनचे झाले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव, वर लोखंडी स्टँड आणि तुम्ही. आकडा १६० च्या पुढे जातो. शंभर सीसीच्या वर्गातल्या गाड्यांची भारक्षमता चालकासकट १३० किलोच्या आसपास असते. त्यातही हे वजन मागच्या अॅक्सलच्या मागे टांगलेलं. मागचं बसलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि हलकं चाक थरथरतं.

कॅन जितके खाली आणि जितके पुढे आणता येतील तितके आणा. स्टँडचं वेल्डिंग नव्यानं करून घेणं शॉकअप बदलण्यापेक्षा स्वस्त पडेल. अर्धवट भरलेला कॅन वळणावर जास्त त्रास देतो, आतलं दूध हेलकावतं. दोन फेऱ्या होत असतील तर करा, नाहीतर २० लिटरचे कॅन घ्या. शॉकअपच्या खाली पायऱ्यांची रिंग असते, ती पान्यानं फिरवून दोन्ही बाजूंना सारखी कडक करा. एक तिसऱ्या पायरीवर आणि दुसरा पाचव्या, अशा गाड्या बघायला मिळतात. मग हँडल थरथरलं तर नवल काय?

कोनसेटही (हँडलच्या दांडीचं बेरिंग) पाहून घ्या. डबल स्टँडवर कुणाला तरी मागे बसवून पुढचं चाक उचला. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची) खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. ‘टक’ असं जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मध्यावर खाचेत अडकल्यासारखं झालं तर तो बसला, बदलावाच लागेल. पाठीचं दुखणं या सगळ्यानंतरही राहिलं तर सीटचा फोम दाबून बघा. मूठ दाबल्यावर खालचा पत्रा लागला की फोम गेला.

प्रश्न : मी आरोग्यसेविका आहे. गावोगाव मिळून रोज ३५ किलोमीटर स्कूटर चालवते. मे महिन्यात डोक्या-तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्यावर हेल्मेट घालते, पण मग पट्टा लागत नाही. उन्हापासून जपू की डोकं जपू?
— ता. अकोट, जि. अकोला

उत्तर : दोन्ही जमतं, दुपट्टा तेवढा बदलावा लागेल. हेल्मेटच्या आत पांढऱ्या थर्माकोलसारखा जाड थर असतो. पडल्यावर तो चेपतो आणि धक्का पितो. तो डोक्याला सगळीकडून टेकलेला असेल तरच हे काम होतं. दुपट्ट्याच्या चार घड्यांवर बसवलेलं हेल्मेट नुसतं वर ठेवलेलं असतं, आणि पट्टा नसेल तर पडताना ते तुमच्याआधी रस्त्यावर पोचतं. पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट कायद्यानंही हेल्मेट धरलं जात नाही. केंद्रीय कायद्यात दंड १,००० रुपये, आणि लायसन्स तीन महिने जाऊ शकतं.

पातळ सुती टोपी किंवा डोकं-तोंड-मान झाकणारा पातळ होजिअरीचा मुखवटा घ्या. एकेरी कापड, गाठ नको, घडी नको. त्यावर हेल्मेट. दुपट्टा मानेभोवती आणि खांद्यावर घ्या, टोकं कुर्त्यात खोचा. बाहेर पडताना मानेचं कापड ओलं करा.

काच उघडी ठेवून वारा घेणं मात्र सोडा. हवा पस्तीस अंशांच्या खाली असते तोवर वाऱ्यानं बरं वाटतं. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांना तोच वारा अंगाला उष्णता देतो आणि घाम जाणवायच्या आत सुकवतो. घाम दिसत नाही म्हणून तहान लागल्याचं कळत नाही, आणि एकदम गरगरतं. म्हणून काच खाली, हेल्मेटची वरची हवेची भोकं उघडी, बाह्या पूर्ण, कपडा सैल आणि फिकट. ओआरएसचं पाणी तुमच्या पिशवीत असतंच, ते स्वतःसाठीही वापरा.

नवं घ्यायचं तर टेपनं भुवईच्या बोटभर वरून डोक्याचा घेर मोजा आणि त्या कंपनीच्या तक्त्यात बघा, कारण एका कंपनीचं मीडियम दुसरीचं लार्ज असतं. घालून पट्टा लावा, मागच्या कडेला धरून पुढे उलटवून पाहा. निघालं तर मोठं आहे. गालांना थोडं घट्ट लागलं तर चालेल, महिन्याभरात फोम बसतो. आयएसआय शिक्का आणि त्यासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. १ जून २०२१ पासून त्याशिवाय हेल्मेट विकायला परवानगी नाही, तरी आठवडी बाजारात ताडपत्रीवर अजून मिळतात.

एक सवय मोडा. उभ्या स्कूटरच्या आरशाच्या दांडीवर हेल्मेट अडकवू नका. दांडीचं टोक आतला थर एकाच जागी चेपतं, आणि तो थर पुन्हा फुगत नाही. काचेवरची धूळ कोरड्या पदरानं पुसली की चरे पडतात आणि रात्री समोरच्या दिव्यात काहीच दिसत नाही. आधी पाणी ओता, मग बोटानं पुसा.

प्रश्न : चिखल अडकतो म्हणून साडीगार्ड काढलं. बायको आणि तीन वर्षांचा मुलगा मागे असतात. चालेल ना?
— जि. बुलडाणा

उत्तर : नाही. पदर तारांत गेला की माणूस मागे खेचला जातो, सावरायला वेळच मिळत नाही. मागचं चाक निम्मं झाकलेलं असणं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे, मागच्याला धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागाही. चिखलासाठी गार्डची जाळी दर आठवड्याला खरवडा, ती काढू नका. चार वर्षांखालच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून चालकाला बांधायचा सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा आहे. टाकीवर बसवू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवतात, बरोबर का?
— वाचक, हिंगणघाट

उत्तर : उलट आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त वळतो आणि त्यानंच तापतो. सकाळी, गाडी थंड असताना, चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवर) चिकटवलेल्या आकड्याएवढी हवा भरा. मागे माणूस बसत असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तोही तिथंच छापलेला असतो. चालून तापलेल्या टायरची हवा सोडू नका. ट्यूबचा वॉल्व्ह रिममध्ये तिरका झालेला दिसला तर समजा, हवा बरेच दिवस कमी होती आणि ट्यूब आत सरकली आहे.

प्रश्न : मागच्या वर्षी रपट्यावरच्या पाण्यात गाडी बंद पडली. तिथंच दहा-बारा सेल्फ मारले, मग इंजिन खोलावं लागलं. असं झालं तर काय करायचं?
— ता. वणी

उत्तर : सेल्फ मारणं हेच नडलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली की चावी बंद, आणि गाडी ढकलत बाहेर. प्लग काढा. किक असेल तर चावी बंदच ठेवून पंधरा-वीस वेळा मारा. किक नसेल तर टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी उडायचं थांबेपर्यंत हे करा. एअर फिल्टरच्या डब्याखाली पाणी काढायची छोटी रबरी नळी असते, तिचं बूच काढा. कागदी फिल्टर भिजला असेल तर वाळवून वापरू नका, नवा टाका.

कार्बोरेटरची गाडी असेल तर वाटीखालचा स्क्रू ढिला करून आतलं पेट्रोल काढून टाका. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत ते नसतं, पण टाकीत पाणी गेलं असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाण्याला धरून तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. वर नवं पेट्रोल ओतून हे सुटत नाही. किराणा दुकानातल्या बाटलीचं पेट्रोलही या गाड्यांना म्हणूनच जपून घाला. त्यातल्या कचऱ्यानं पंपाची जाळी तुंबते.

ऑइल काडीला लावून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलं आहे. ते काढा, नवं भरा (प्रमाण ऑइलच्या झाकणाजवळ किंवा पुस्तिकेत असतं, या गाड्यांत ८०० मिली ते १ लिटरच्या आसपास), पाच मिनिटं इंजिन चालवा आणि पुन्हा काढा. दुसऱ्यांदा भरताना डब्यावर जासो एमए (JASO MA) किंवा एमए२ (MA2) लिहिलेलं ऑइल घ्या. कारचं नको, त्यानं ऑइलमध्ये बुडालेला ओला क्लच घसरतो. हे दुसरं ऑइल शे-दीडशे किलोमीटरवर एकदा पाहा. पुन्हा पांढुरकं दिसलं तर तेही काढा.