पाण्यात उतरणारं घड्याळ: वाचकांचे प्रश्न

डिसेंबरात तारकर्लीला स्कूबाचा ओपन वॉटर कोर्स करणार आहे, पुढेही डाइव्हिंग चालू ठेवायचंय. दहा हजारांच्या आत कोणतं घड्याळ घ्यावं? (चाळीसगाव)

घड्याळ वेळ सांगतं, खोली नाही. किती वेळ खाली थांबायचं आणि कोणत्या वेगाने वर यायचं हे डाइव्ह कॉम्प्युटर सांगतो. तो सुरुवातीला भाड्याने घ्या. खरं तर दहा हजार एकदाच खर्चायचे असतील तर आधी चेहऱ्याला नीट बसणारा मास्क घ्यावा, असं आमचं मत. पण घड्याळही वाया जात नाही. कॉम्प्युटर पाण्यातच बंद पडला, तर वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर थांबायची ३ मिनिटं मोजणार कशावर?

तुमच्या बजेटात कॅसिओचं एमडीव्ही-१०७ बसतं. २०० मीटर पाण्याचा दाब सोसण्याची खूण, आटे असलेली चावी, आट्यांचंच मागचं झाकण, काचेभोवती एकाच बाजूला फिरणारी रिंग, एवढं त्यात आहे. उणिवा दोन: डबी (केस) ४४ मिलिमीटरची, बारीक मनगटावर थाळीसारखी दिसते, आणि काट्यांची चमक अंधारात लवकर मावळते. डायलवर ‘डायव्हर्स’ हा शब्दही नाही. हा शब्द आयएसओ ६४२५ या मानकात बसणाऱ्या घड्याळांसाठी असतो. त्यात प्रत्येक नग लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासतात आणि अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता यावी लागते. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे, तिथे कॅसिओ पुरतं. तो शब्द हवाच असेल तर सिटिझन प्रोमास्टर बीएन०१५० पाहा, पण बजेट बरंच वाढवावं लागेल. ते प्रकाशावर चालतं. जळगाव-धुळ्याच्या उन्हात त्याला चार्जिंगची ददात नाही.

दुकानात रिंग फिरवून बघा. ती फक्त घड्याळाच्या उलट दिशेने फिरावी आणि सोडल्यावर मागे सरकू नये. पाण्यात उतरायला लागलात की रिंगवरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा; पुढे काटा रिंगवर जो आकडा दाखवेल तेवढी मिनिटं झाली. टाकीला किंवा दोराला घासून रिंग सरकलीच, तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी नाही. म्हणजे माणूस लवकर वर येतो. एकाच बाजूला फिरण्याचं कारण एवढंच.

स्टीलची चेन बहुधा वेटसूटच्या (डाइव्हिंगच्या जाड रबरी पोशाखाच्या) बाहीवर बसत नाही. लांब रबरी पट्टा किंवा दोन्ही पिनांखालून जाणारा एकसंध नायलॉनचा पट्टा घ्या. नायलॉनचा फायदा असा की एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लटकून राहतं. खोलीवर वेटसूट दाबला जाऊन पातळ होतो आणि पट्टा सैल पडतो, तेव्हा एखादं भोक शिल्लक ठेवा.

माझ्या घड्याळावर ५० मीटर लिहिलंय. विहिरीत सूर मारताना ते हातात असतं. मग स्कूबाला का नको म्हणतात? हात हलवला की दाब कितीतरी पटींनी वाढतो, हे खरं का? (शहादा)

हातवाऱ्याची गोष्ट फुगवून सांगितली जाते. पोहताना हाताच्या वेगाने वाढणारा दाब एक मीटर पाण्याइतकाही भरत नाही. १८ मीटरवर पाण्याचा जादा दाब १.८ बार असतो, आणि ५० मीटरचं घड्याळ नवं असताना ५ बारचा दाब सोसण्याजोगं असतं. अडचण दुसरीकडे आहे. अशा घड्याळाची चावी बहुधा नुसती दाबून बसवलेली असते. ती पाण्यात ओढली गेली की पाण्याला वाट मिळाली. शिवाय आतली रबराची रिंग दरवर्षी थोडी कडक होते आणि डायलवरचा आकडा मात्र तसाच राहतो. मे महिन्यात मोटारसायकलच्या हँडलला अडकवलेलं तापलं घड्याळ थेट विहिरीत नेऊ नका. गार पाण्यात आतली हवा आकसते आणि थकलेल्या रबराच्या फटीतून पाणी आत खेचलं जातं.

सेल बदलून घेतल्यापासून काचेच्या आत वाफ धरते. चूक कुणाची? (भुसावळ)

बहुतेक वेळा रबराची. सेल बदलताना तीच जुनी, वाळलेली रिंग परत बसवली जाते, किंवा झाकण आवळताना ती खाचेतून सरकून चिमटली जाते. कारागिराला आधीच सांगा: रिंग नवी घाला, तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, खाचेतला केस-धूळ पुसा. एक केसही पाण्याला पुरतो. नंतर प्रेशर टेस्ट करून घ्या; गावात यंत्र नसेल तर डाइव्हिंगच्या घड्याळाचा सेल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बदला.

घरी एवढं करता येतं. घड्याळ ४०-४५ अंशांवर दहा-वीस मिनिटं ठेवा. आपल्याकडे मेमध्ये त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, सावलीतली दुपार पुरे. मग काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. आतून धुकं दिसलं तर ओल आत आहे. ते घड्याळ पाण्यात न्यायचं नाही, आणि समुद्राचं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी उघडून घ्यायचं, नाहीतर मशीन गंजतं.

चावीचंही बघा. बंद करताना ती हलकेच दाबून आधी थोडी उलटी फिरवा, आटे जुळल्याचा बारीक खटका बोटाला लागतो. मग सुलटी, बोटाच्या जोराइतकीच. आटे तिरके धरले तर कडेने फट राहते आणि आटेही झिजतात.

डाइव्ह संपल्यावर नुसतं पुसून ठेवलं तर? (पाचोरा)

काचेभोवतीच्या फिरत्या रिंगखाली मीठ धरतं आणि ती अडकते. चावी बंद ठेवून गोड्या पाण्यात बुडवा, रिंग दोन-तीन फेरे फिरवा. बोअरचं पाणी जड असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा. साबण नको, गरम पाणी नको.

ऑनलाइन तीन हजारांत सेकंडहँड ‘सेको ऑटोमॅटिक डायव्हर’ मिळतंय. घेऊ का? (धुळे)

पाण्यासाठी नाही. या भावात बहुधा जुन्या मशीनवर रंगवलेली डायल आणि इकडचे-तिकडचे भाग जोडून केलेलं घड्याळ मिळतं. डायलवर २०० मीटर छापलेलं असतं, पण चावी ओढून पाहा: आटे नसतात. लग्नात घालायला हरकत नाही.